खंदकातले हसू

युद्ध आणि विनोद यांचे सख्य असू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रणभूमीवर माणसे मरतात आणि इकडे घरोघरी आया-बहिणी पत्राची वाट पाहत बसतात. अशा विषयावर हसणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, असेच कोणीही म्हणेल. त्यातही तो विनोद घसरून पडण्याचा, लाथाबुक्क्यांचा, पाठलागाचा असेल, म्हणजे चित्रपटाच्या भाषेत ज्याला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात तसा असेल, तर त्याने युद्धाच्या आसपासही फिरकू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि विसाव्या शतकात एका बुटक्या, किरकोळ शरीरयष्टीच्या नटाने हा धोका दोन वेळा पत्करला. पहिल्या महायुद्धात त्याने सैनिकांना हसवले आणि दुसऱ्या महायुद्धात एका हुकूमशहाला जगासमोर हास्यास्पद ठरवले. तो नट म्हणजे चार्ली चॅप्लिन.

चार्ल्स स्पेन्सर चॅप्लिन यांचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी लंडन येथे झाला. वडील चार्ल्स आणि आई हॅना ही दोघेही ‘म्युझिक हॉल’मध्ये कामे करीत. गाणी, नाच, नकला आणि छोटी प्रहसने यांचे मिश्र खेळ ज्या नाट्यगृहांत होत, त्यांना त्या काळी हे नाव होते. वडिलांचा गळा चांगला होता. परंतु त्यांना दारूच्या व्यसनाने ग्रासले. चार्ली अगदी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. चार्ली आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला, हॅनाचा आधीचा मुलगा सिडनी, या दोघांना वाढवण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर येऊन पडली.

चार्ली पाच वर्षांचा असताना घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. अल्डरशॉट या लष्करी छावणीच्या गावी हॅनाचा गाण्याचा कार्यक्रम होता. प्रेक्षक बहुतेक सैनिकच होते. गाता गाता तिचा आवाज फुटला आणि प्रेक्षकांनी हुल्लड सुरू केली. तिला रंगमंच सोडावा लागला. गोंधळलेल्या व्यवस्थापकाने विंगेत उभ्या असलेल्या लहानग्या चार्लीला हाताला धरून पुढे आणून उभे केले. पोर न घाबरता गाऊ लागले. सैनिकांनी रंगमंचावर नाणी फेकली, तेव्हा त्याने गाणे थांबवले आणि आधी पैसे गोळा करतो, मग पुढचे गातो, असे भाबडेपणाने जाहीर केले. नाट्यगृहात हशा उसळला. त्या रात्री मुलाचे रंगमंचावर पहिले पाऊल पडले. आईचे मात्र त्यानंतर रंगमंचावर मन आणि आवाज पूर्वीसारखे स्थिर झाले नाहीत. एकाच घटनेत हसू आणि आसू कसे नांदतात, याचा धडा त्याला इतक्या कोवळ्या वयात मिळाला होता.

पुढची वर्षे हलाखीची होती. हॅना शिवणकाम करून कसेबसे घर चालवी. अखेर १८९६ मध्ये तिला दोन्ही मुलांसह निराधारांच्या आश्रयगृहात दाखल व्हावे लागले. तेथून मुलांची रवानगी हॅनवेल येथील अनाथ व निर्धन मुलांच्या शाळेत झाली. आईपासून दूर, कडक शिस्तीत आणि अर्धपोटी दिवस काढताना चार्ली एकाकीपणा म्हणजे काय ते शिकला. काही काळाने हॅनाच्या मनाचा तोल ढळला आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १९०१ मध्ये वडील वारले. १९०३ मध्ये हॅनाचा आजार पुन्हा उलटला. तेव्हा सिडनी जहाजावरच्या नोकरीसाठी दूर गेला होता. चौदा वर्षांच्या चार्लीनेच आईला हाताला धरून चालत इस्पितळात पोचवले आणि तो एकटाच रिकाम्या खोलीवर परतला.

पोट भरण्यासाठी त्याने अनेक उद्योग केले. पण त्याची ओढ रंगमंचाकडे होती. नऊ-दहा वर्षांचा असताना तो मुलांच्या एका नृत्यपथकात नाचला होता. १९०३ मध्ये ‘शेरलॉक होम्स’ या नाटकात त्याला एका पोऱ्याची भूमिका मिळाली. १९०८ मध्ये तो फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाटक मंडळीत सामील झाला. कार्नो यांच्या प्रहसनांत संवादापेक्षा शरीराच्या हालचालींवर भर असे. कसे पडावे, कसे धडकावे, कोठे क्षणभर थांबावे, याचे शिक्षण चार्लीला तेथे मिळाले. याच मंडळीबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तेथे १९१३ च्या अखेरीस कीस्टोन या चित्रपटसंस्थेने त्याला आठवड्याला १५० डॉलर पगारावर आपल्याकडे घेतले.

कीस्टोनचे मूकपट म्हणजे निव्वळ धांगडधिंगा असे. पोलिसांनी धावायचे, चोरांनी पळायचे, वाटेत येईल त्याने आपटायचे, हाच त्यांचा क्रम. या गर्दीत चॅप्लिन यांनी १९१४ मध्ये एक नवे पात्र उभे केले. ढगळ पँट, अंगात न मावणारा कोट, पायांपेक्षा मोठे बूट, डोक्यावर इवलीशी हॅट, हातात बांबूची काठी आणि नाकाखाली चिमूटभर मिशी. हा भटक्या कफल्लक होता. परंतु त्याची ऐट एखाद्या सरदाराची होती. तो पडे, मात्र उठताना आधी हॅट सावरी. त्याच्या खिशात दमडी नसे, तरी त्याच्या वागण्यात सभ्यपणा असे. प्रेक्षक आरंभी त्याच्या पडण्याला हसले. हळूहळू त्यांच्या ध्यानी आले की तो पडतो त्याला कारण आहे. कधी ते कारण भूक असते, कधी पोलिसाची भीती, तर कधी एखाद्या मुलीसमोर आपले दारिद्र्य झाकण्याची धडपड. धांगडधिंग्याच्या विनोदाला चॅप्लिन यांनी असे मन दिले.

लोकप्रियता वाऱ्याच्या वेगाने वाढली. १९१६ मध्ये म्युच्युअल या कंपनीने त्यांच्याशी वर्षाला ६,७०,००० डॉलरचा करार केला, तेव्हा त्यांचे वय २६ वर्षांचे होते. आश्रयगृहात वाढलेला मुलगा जगातील सर्वाधिक मोबदला मिळवणाऱ्या कलावंतांपैकी एक झाला होता.

परंतु ज्या वर्षी हा भटक्या पडद्यावर आला, त्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध भडकले. ब्रिटनचे लाखो तरुण फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर चिखलाने भरलेल्या खंदकांत लढत असताना चॅप्लिन अमेरिकेत राहून पैसा मिळवतात, अशी टीका काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी सुरू केली. टपालातून त्यांना पांढरी पिसे येऊ लागली. लढाईला न जाणाऱ्या पुरुषाला भ्याड ठरवण्यासाठी त्या काळी पांढरे पीस देत असत. चॅप्लिन यांनी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी नाव नोंदवले होते. परंतु उंची आणि वजन कमी पडल्यामुळे ते अपात्र ठरले. ही गोष्ट टीकाकारांच्या कानांपर्यंत पोचली नाही, किंवा पोचूनही त्यांनी ती मानली नाही. खंदकांतील सैनिकांचे मत मात्र वेगळे होते. आघाडीच्या मागे, तात्पुरत्या तंबूंत आणि इस्पितळांत चॅप्लिन यांचे चित्रपट दाखवले जात आणि सैनिक ते मनापासून पाहत. हा माणूस बंदूक घेऊन आपल्याशेजारी उभा राहण्यापेक्षा पडद्यावर अधिक उपयोगाचा आहे, असे त्यांतील अनेकांना वाटे.

१९१८ च्या एप्रिलमध्ये चॅप्लिन यांनी युद्धकर्जाचे रोखे खपवण्यासाठी मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या कलावंतांसह अमेरिकेचा दौरा केला. त्यानंतर त्यांनी थेट युद्धावरच विनोदी चित्रपट काढण्याचे ठरवले. मित्रांनी त्यांना सावध केले. लोकांच्या घरांतील माणसे मरत असताना खंदकाची थट्टा करणे धोक्याचे आहे, असे त्यांना सांगण्यात आले. स्वतः चॅप्लिनही साशंक होते. तरीही त्यांनी ‘शोल्डर आर्म्स’ पूर्ण केला. २० ऑक्टोबर १९१८ रोजी तो प्रदर्शित झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला युद्धविराम झाला.

या चित्रपटातील चार्ली हा नवखा सैनिक आहे. कवायतीत त्याची पावले जुळत नाहीत. खंदकात उवा त्रास देतात, म्हणून तो जायफळ किसण्याच्या किसणीवर पाठ घासतो. पावसाने झोपण्याची जागा पाण्याखाली जाते, तेव्हा ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून तो पाण्यातच झोपतो. घरून आलेले चीज इतके उग्र वासाचे असते की तो आधी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चढवतो आणि मग ते चीज बॉम्बसारखे शत्रूच्या खंदकात भिरकावतो. झाडाच्या बुंध्याचे सोंग घेऊन तो शत्रूच्या मुलखात शिरतो आणि अखेरीस जर्मन सम्राटालाच पकडून आणतो. त्याच क्षणी त्याला जाग येते. तो प्रशिक्षणाच्या छावणीतील तंबूत पडलेला असतो. पराक्रम सारा स्वप्नातला होता.

याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे की, तेथे हसता हसता गळा दाटून येतो. टपाल येते. प्रत्येक सैनिकाला काही ना काही मिळते. चार्लीला काहीच येत नाही. तो एका सोबत्याच्या मागे उभा राहून त्याच्या खांद्यावरून त्याचे पत्र वाचू लागतो. पत्र वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटला की चार्लीही हसतो; त्याच्या चेहऱ्यावर काळजी आली की चार्लीही व्याकूळ होतो. दुसऱ्याच्या घरचे सुखदुःख तो क्षणभर आपले करून घेतो. मग त्या सोबत्याच्या हे लक्षात येते आणि तो रागाने दूर होतो. खंदकातील ओल, उवा आणि घरच्या पत्राची आस सैनिकांनी प्रत्यक्ष भोगली होती. म्हणूनच चित्रपटाला सर्वांत मोठी दाद त्यांनीच दिली. हा विनोद सैनिकाची टर उडवत नाही, तो सैनिकाच्या बाजूने उभा आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. युद्धाची थट्टा केल्याबद्दल लोक रागावतील ही भीती फोल ठरली आणि ‘शोल्डर आर्म्स’ला मोठे यश लाभले.

युद्धानंतर, १९१९ मध्ये चॅप्लिन यांनी मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासह ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही संस्था स्थापन केली. कलावंतांनी आपल्या कृतींचे वितरण आपल्याच हाती ठेवावे, हा तिचा हेतू होता. ‘द किड’ (१९२१), ‘द गोल्ड रश’ (१९२५), ‘सिटी लाइट्स’ (१९३१) या चित्रपटांनी त्यांची कीर्ती शिखरावर नेली. १९२७ नंतर बोलपटांचे युग सुरू झाले, तरी त्यांनी आपल्या भटक्याला बोलके केले नाही. त्याने तोंड उघडले तर तो कोण्या एका देशाचा होईल, अशी त्यांची धारणा होती.

१९३१ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये त्यांची आणि महात्मा गांधींची भेट झाली. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी तेथे आले होते. ही भेट पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील एका भारतीय डॉक्टरांच्या घरी झाली. यंत्रांना गांधीजींचा विरोध का, हे चॅप्लिन यांनी जिज्ञासेने विचारले. यंत्रांमुळे भारत इंग्लंडचा परावलंबी झाला, ही गांधीजींची भूमिका त्यांनी समजून घेतली. पुढे १९३६ मध्ये आलेल्या ‘मॉडर्न टाइम्स’ या चित्रपटात कारखान्यातील यंत्राच्या चक्रात सापडलेला कामगार त्यांनी रंगवला.

याच सुमारास जर्मनीत ॲडॉल्फ हिटलरची सत्ता दृढ होत होती. योगायोग असा की, हिटलरचा जन्म चॅप्लिन यांच्यानंतर अवघ्या चार दिवसांनी झाला होता आणि दोघांच्या मिश्यांची ठेवणही सारखीच होती. ज्या मिशीला पाहून जग हसत होते, तशाच मिशीच्या माणसाला पाहून आता युरोप थरथरत होता. चॅप्लिन यांनी या साम्याचा उपयोग करण्याचे ठरवले. हिटलर दुखावेल या भयाने त्यांच्या संस्थेतील लोक आणि हॉलिवूडमधील अनेक जण बिचकत होते. हिटलरला न डिवचण्याचे धोरण तेव्हा ब्रिटिश सरकारनेही स्वीकारले होते. त्यामुळे असा चित्रपट ब्रिटनमध्ये दाखवला जाणार नाही, अशी चिन्हे होती. चॅप्लिन यांनी स्वतःचा पैसा घातला आणि काम पुढे नेले. सप्टेंबर १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होताच, चित्रीकरणाला प्रारंभ झाला. १५ ऑक्टोबर १९४० रोजी ‘द ग्रेट डिक्टेटर’ न्यूयॉर्कमध्ये झळकला. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती. ब्रिटन मात्र एव्हाना स्वतःच हिटलरच्या बॉम्बहल्ल्यांना तोंड देत होते. त्याच डिसेंबरमध्ये तेथेही हा चित्रपट दाखवण्यात आला.

या चित्रपटात चॅप्लिन यांनी दोन भूमिका केल्या: एक गरीब ज्यू न्हावी आणि दुसरा टोमेनिया या काल्पनिक देशाचा हुकूमशहा हिंकल. आरंभ पहिल्या महायुद्धातील खंदकात होतो. एक प्रचंड तोफगोळा न फुटताच जमिनीवर पडतो आणि न्हावी जिकडे पळेल तिकडे तोंड वळवतो. स्लॅपस्टिकची ही जुनी करामत. पण हिंसा एकट्या-दुकट्या माणसाचा पाठलाग कसा करते, हे ती हसत हसत सांगून जाते. पुढे हिंकल पृथ्वीच्या गोलाच्या आकाराच्या फुग्याशी तन्मयतेने नाचतो आणि तो फुगा त्याच्या हातात फटकन फुटतो. जग जिंकण्याच्या हव्यासावर इतके बोचरे भाष्य क्वचितच झाले असेल. नायिकेचे नाव चॅप्लिन यांनी हॅना ठेवले. १९२८ मध्ये निवर्तलेल्या त्यांच्या आईचे तेच नाव होते.

शेवटी लोक न्हाव्यालाच हुकूमशहा समजतात आणि त्याला भाषण करावे लागते. येथे चॅप्लिन विनोद बाजूला ठेवतात. मूकपटांचा हा सम्राट थेट प्रेक्षकांकडे पाहून मानवता आणि स्वातंत्र्य यांविषयी कळकळीने बोलतो. या भाषणाविषयी तेव्हापासूनच मतभेद आहेत. हसत्या-खेळत्या चित्रपटात अकस्मात व्याख्यान आल्याने कलेची हानी झाली, असे काही समीक्षकांना वाटले. संकट दाराशी आलेले असताना कलावंताने स्पष्ट बोलायलाच हवे होते, असे इतरांचे मत पडले. प्रेक्षकांनी मात्र चित्रपट उचलून धरला; चॅप्लिन यांच्या चित्रपटांत सर्वाधिक उत्पन्न याच चित्रपटाने मिळवून दिले.

तरीही विनोदाच्या सामर्थ्याला मर्यादा असते, हे खुद्द चॅप्लिन यांनीच मान्य केले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की, नाझी छळछावण्यांतील भीषण वास्तव तेव्हा ठाऊक असते, तर त्या नरसंहारक वेडाची थट्टा करणे त्यांना शक्यच झाले नसते. ज्याने आयुष्यभर दुःखातून हसू काढले, त्याला एका टोकाला पोचल्यावर हसू थांबते हे कळले होते. या कबुलीने ‘द ग्रेट डिक्टेटर’चे मोल उणावत नाही, ज्या घडीला बहुतेक जण मूग गिळून बसले होते, त्या घडीला तो चित्रपट आला, हे विसरता येत नाही.

स्पष्टपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. १९४२ मध्ये रशियाच्या मदतीसाठी युरोपात दुसरी आघाडी उघडावी, असे त्यांनी जाहीर सभांतून सांगितले. युद्ध संपताच अमेरिका आणि रशिया यांच्यात वितुष्ट आले आणि तेच बोलणे संशयास्पद ठरले. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नव्हते, हाही आक्षेपाचा मुद्दा झाला. त्यांच्या खासगी आयुष्यावरही वृत्तपत्रांनी तोंडसुख घेतले. १९४७ च्या ‘मस्यू व्हर्दू’ या चित्रपटात त्यांनी एका खुन्याची कथा सांगितली आणि एक-दोन हत्या करणारा फासावर जातो, तर युद्धे लावणारे सन्मान मिळवतात, या विसंगतीकडे लक्ष वेधले. अमेरिकेत त्या चित्रपटाला रोष सहन करावा लागला. सप्टेंबर १९५२ मध्ये ‘लाइमलाइट’च्या प्रदर्शनासाठी ते कुटुंबासह जहाजाने लंडनला निघाले असताना त्यांचा अमेरिकेत परत येण्याचा परवाना रद्द करण्यात आला. सुमारे ४० वर्षे जेथे काम केले, त्या देशाचे दार असे मिटले. त्यांनी पत्नी ऊना आणि मुलांसह स्वित्झर्लंडमध्ये घर केले.

काळ पालटला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने त्यांना सन्मानाने बोलावले आणि विशेष ऑस्कर पुरस्कार दिला. ८२ वर्षांचे चॅप्लिन रंगमंचावर आले, तेव्हा सभागृह उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. १९७५ मध्ये ब्रिटनच्या राणीने त्यांना ‘सर’ हा किताब बहाल केला. २५ डिसेंबर १९७७ रोजी, नाताळच्या दिवशी, स्वित्झर्लंडमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

युद्धपट पाहताना आपण बहुधा सेनापतीचे डावपेच, तोफांचा गडगडाट आणि विजयाचा जयघोष यांत रंगून जातो. चॅप्लिन यांनी युद्ध दाखवले ते सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाच्या नजरेतून. त्याचे पाय ओले आहेत, पोट रिकामे आहे, आणि कोणी तरी आपली आठवण काढावी एवढीच त्याची इच्छा आहे. त्याला पाहून आपण हसतो. परंतु तो कोणत्या सैन्याचा आहे, हे विचारण्याचे भान आपल्याला उरत नाही. पत्र न आलेला तो सैनिक मग साऱ्या जगाचा होतो, आणि शेजारच्याच्या खांद्यावरून त्याच्या सुखदुःखात डोकावण्याची त्याची ती धडपड आपल्यालाही काही शिकवून जाते.